उलटा लटकून जेवणारा सिस्किन

हिवाळ्यात युरोपातल्या एखाद्या ओढ्याकाठी आल्डरचं पानं गळालेलं झाड दिसलं, की शेंड्याकडे बघत थांबावं. आधी काहीच दिसत नाही. मग वरून बारीक फोलपटं पडू लागतात, चिवचिव कानावर येते आणि कळतं, झाडावर अख्खा थवा जेवायला बसलाय, त्यातले कितीतरी उलटे लटकून!

हा सिस्किन. फिंच कुळातला. लांबी जेमतेम 12 सेंटिमीटर, वजन 12 ते 15 ग्रॅम. नर पिवळट हिरवा, डोक्यावर काळी टोपी, काळ्या पंखांवर ठसठशीत पिवळा पट्टा. मादीला टोपी नसते. ती करडट हिरवी, पांढुरक्या पोटावर गडद रेघांची. ग्रीनफिंचही हिरवा-पिवळाच, पण तो थोराड आणि जाड चोचीचा.

खरी कमाल आहे सिस्किनच्या चोचीत. बी खाणाऱ्या पक्ष्याची चोच आखूड, दणकट असेल असं आपण धरून चालतो. याची मात्र बारीक, टोकदार. आल्डरची बोंडं लाकडासारखी टणक आणि बिया खवल्यांच्या आड. तिथे ही चोच चिमट्यासारखी शिरते आणि नेमकी बी उचलते. बोंडं लागतात ती बारीक डहाळ्यांच्या टोकाला, म्हणून हे लोंबकळणं. एवढ्याशा वजनाचा फायदा इथे कळतो.

वीण बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात. घरटं उंचावर, फांदीच्या पार टोकाशी. इतकं बेमालूम की जर्मन लोककथेत त्यात अदृश्य करणारा खडा असतो! अंडी मादी उबवते, त्या काळात नर तिला भरवतो. स्प्रूसला बी भरपूर धरलं तर वीण लवकर सुरू होते. पीक बुडालं तर थवेच्या थवे दूरवर निघून जातात.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात सूचिपर्णी झाडांची लागवड वाढली, तसा सिस्किनही पसरला. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी हिवाळा सरताना बागेत शेंगदाण्यांची जाळी जरूर टांगावी. त्या सुमाराला रानातलं बी संपत आलेलं असतं. त्यातही पावसाळी दिवशी विशेष लक्ष ठेवावं: ओल लागली की स्प्रूसच्या शंकूंचे खवले मिटतात, बी आत अडकतं आणि सिस्किन बागांकडे वळतात.