पिल्लाला परसाकडची सवय

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की पहिले दोन दिवस सगळ्या घराला त्याचे कौतुक असते. पोरे शाळेतून धावत घरी येतात, आजी वाटीभर ताकभाकरी त्याच्यासाठी काढून ठेवते. तिसऱ्या दिवशी मात्र कुरकुर सुरू होते. सकाळी सारवलेली ओटी दुपारी ओली, वाळत घातलेल्या ज्वारीच्या कडेला घाण. मग कोणीतरी खराटा उचलतो, पिल्लू केकाटते, आणि बाजेवर बसलेले आजोबा म्हणतात, "अरे, कुत्रं ते कुत्रंच. त्याला काय कळतंय?"

श्रोतेहो, त्याला कळते. चांगले कळते. आपल्याला काय हवे आहे, एवढेच त्याला कळलेले नसते. ते त्याला कसे सांगावे आणि का सांगावे, हे आज पाहू.

आधी 'का' ते पाहा. ओटी खराब होते, हे खरे तर लहान दुखणे आहे. मोठे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. कुत्र्याच्या बहुतेक पिल्लांच्या पोटात जंत असतात. कुत्रीच्या अंगात दडून बसलेल्या जंतांच्या अळ्या गर्भातच पिल्लात उतरतात, म्हणून पिल्लू जंत घेऊनच जन्माला येते. त्याचे टम्म फुगलेले पोट पाहून आपण म्हणतो, "काय बाळसं धरलंय!" पण पुष्कळदा ते बाळसे नसते, जंतांचे पोट असते. या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. अंगणातल्या मातीत रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते, आणि अंडी त्याच्या पोटात जातात. तिथे अळ्या बाहेर पडतात आणि यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही जाऊन बसतात. डोळ्यात गेलेल्या अळीने मुलाची दृष्टी अधू झाल्याची उदाहरणे वैद्यकाला माहीत आहेत. दुसऱ्या एका जातीच्या जंताची अळी तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतच शिरते, आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ उठते.

घाबरून जाऊ नका. यातच उपायही दडलेला आहे. गोल जंताचे अंडे विष्ठेतून बाहेर पडते त्या दिवशी ते बाधत नाही. मातीत पडून ते पिकावे लागते, आणि त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा पिकले, की मात्र ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मातीत टिकते. म्हणजे घाण ताजी असतानाच रोजच्या रोज उचलली, तर साखळी तिथेच तुटते. पण रोज उचलायची, तर ती सापडली पाहिजे. आणि सापडायची, तर पिल्लू रोज एकाच जागी गेले पाहिजे. जागेची सवय लावायची ती यासाठी.

आता पिल्लाचा स्वभाव पाहू. गाय-बैल उभ्या जागी शेण टाकतात. रानातला कळप चरत पुढे जातो, मागे काय पडले याच्याशी त्याला देणेघेणे नसते. कुत्र्याचे तसे नाही. कुत्री आडोशाला, ढोलीत, कडब्याच्या गंजीखाली विते. पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, ते दहा-चौदा दिवसांनी उघडतात. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-लघवीही करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते, आणि चाटूनच ती साफ करते. म्हणून व्यालेल्या कुत्रीची जागा एवढी कोरडी दिसते. पायात बळ आले, की पिल्लू लडबडत का होईना, निजण्याच्या जागेपासून चार पावले दूर जाऊन बसते.

निजायचे तिथे घाण करायची नाही, हा पहिला धडा ते असा शिकूनच आपल्याकडे येते. दुसरा धडा आपण द्यायचा: ओटी, माजघर, अंगण हे सगळे निजायच्या जागेसारखेच आहे, आणि परसातला तो एक कोपरा तेवढा मोकळा आहे. पिल्लू आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नये. आणि आणले, की त्याच दिवसापासून धडा सुरू करावा, कारण याच वयात, आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास, पायाखाली माती लागली की बसायचे की गोणपाट लागले की बसायचे, ही त्याची आवड पक्की होऊ लागते.

जागा निवडताना चार गोष्टी सांभाळा. विहीर, हातपंप आणि पाणी भरण्याची वाट यांपासून ती दूर असावी, आणि उताराच्या खालच्या अंगाला असावी. मुले खेळतात, धान्य वाळते, भाजीचे वाफे आहेत, तिथे ती नको. माती थोडी भुसभुशीत असली तर बरे. पिल्लाला तीच आवडते. आणि पहिल्या लसी पुऱ्या होईपर्यंत गावातली इतर कुत्री जिथे येतात ती जागा टाळा. पार्व्हो नावाचा एक जुलाबाचा रोग आहे. तो १९७८ साली प्रथम ओळखला गेला, आणि त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. तेव्हा चावडीपुढचे मैदान नको, आपल्याच कुंपणाच्या आतला कोपरा बरा.

जागा ठरली. आता वेळ. सगळ्या शिकवणीचे मर्म वेळेत आहे. पिल्लाला चार वेळा हमखास जावे लागते: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून दमल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी. पोटात अन्न पडले, की आतड्यांना चालना मिळते, म्हणून खाल्ल्यापासून पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत ते बसणारच. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही. वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास ही जास्तीत जास्त मर्यादा, असा ढोबळ आडाखा आहे. त्याहून जास्त वेळ कोंडून ठेवले आणि त्याने घाण केली, तर चूक पिल्लाची नव्हे.

तेव्हा दिवस असा आखा. पहाटे उठल्याबरोबर पिल्लाला उचला आणि त्या कोपऱ्यात न्या. चालवत नेऊ नका. वाटेत ओटीवरच ते बसेल. खाणे ठरलेल्या वेळीच द्या, दिवसातून तीन-चार वेळा, आणि उरलेले ताट उचला. खाण्याची वेळ ठरली, की बाहेर जाण्याची वेळ आपोआप ठरते. दूध बेताने द्या. पुष्कळ पिल्लांना ते सोसत नाही आणि जुलाब होतात. पाणी मात्र तोडू नका. दर जेवणानंतर, दर झोपेनंतर, आणि अधेमधे दर दोन तासांनी त्याला त्याच कोपऱ्यात न्या. शेवटचे खाणे निजण्याच्या दोन-तीन तास आधी द्या. पहिले काही आठवडे रात्री एकदा उठावे लागेल. तान्ह्या मुलासाठी उठतो, तसेच हे.

कोपऱ्यात गेल्यावर काय करायचे? काहीच नाही. गप्प उभे राहायचे. पिल्लू हुंगेल, गोल गोल फिरेल. बसू लागले, की हलक्या आवाजात एकच शब्द म्हणा, समजा, "परसाकडे". घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. उरकले रे उरकले, की लगेच पाठीवरून हात फिरवा, "शाब्बास" म्हणा, भाकरीचा लहानसा तुकडा द्या. तुकडा तिथेच द्यायचा, घरी आल्यावर नव्हे. घरी येऊन दिला, तर घरी येण्याबद्दल तो मिळाला असे पिल्लू समजते. पाच-दहा मिनिटांत काही झाले नाही, तर उचलून परत आणा, जवळच ठेवा आणि पाव तासाने पुन्हा न्या.

या शब्दाचे बळ शिक्षकांना ठाऊक असेल. रशियातील शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह यांना पचनावरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याला अन्न देण्याआधी दरवेळी ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही त्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. आपला शब्द त्या आवाजासारखाच. महिन्याभरात "परसाकडे" म्हटले, की पिल्लू आपणहून कोपऱ्याकडे वळू लागते.

घरात असताना पिल्लू नजरेआड होऊ देऊ नका. नजर ठेवायला कोणी नसेल, तर त्याला गोणपाट अंथरलेल्या लहानशा खोक्यात ठेवा. खोके एवढेच असावे, की त्यात उभे राहता येईल, वळता येईल, अंग पसरून निजता येईल. मोठे खोके असले, तर एका कोपऱ्यात निजून दुसऱ्यात घाण करण्याची सोय होते. पण तासन्‌तास तिथे ठेवू नका. जमीन हुंगत गोल फिरणे, एकाएकी खेळ सोडून दाराकडे जाणे, कुंईकुंई करणे या खुणा ओळखा आणि ताबडतोब उचला.

घरात त्याला बसताना पाहिलेत, तर एकदाच टाळी वाजवा, उचला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवा. तिथे राहिलेले पुरे केले, तर शाबासकी द्या. पण घाण आधीच होऊन गेली असेल, तर? तर काही करू नका. नाक घासू नका, खराटा उचलू नका. तुम्ही म्हणाल, "त्याला चूक कळलेली असते. बघा ना, कान पाडून, शेपूट घालून कसं बसतं!" या समजुतीची परीक्षा झालेली आहे. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ खाऊ नको असे बजावून खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर कधी खरे, कधी खोटेच त्याला सांगायचे, की कुत्र्याने खाऊ खाल्ला. दिसले असे, की अपराधी चेहरा चूक केल्याने येत नव्हता, मालक रागावल्याने येत होता. खाऊला तोंडही न लावलेले कुत्रे रागावल्यावर तसाच चेहरा करत होते. कान पाडणे म्हणजे कबुली नव्हे, तुमच्या रागाची भीती आहे.

मारल्याने पिल्लू एकच गोष्ट शिकते: माणसादेखत बसू नये. मग ते कोठीत, पलंगाखाली, कणगीमागे लपून बसते, आणि कोपऱ्यात नेले तर तुमच्यासमोर बसतच नाही. शिकवणी उलटी होते. काही भित्री पिल्ले नुसते रागावले किंवा अंगावर वाकले, तरी जागच्या जागी लघवी करतात. ते त्यांच्या हाती नसते. त्यांच्याशी खाली बसून, आवाज न चढवता बोला. वयाबरोबर ती खोड जाते.

घाण झालेली जागा वासासकट साफ करा, कारण पिल्लू नाकाने जागा ओळखते. मातीची जमीन असेल, तर ओली माती खरवडून काढा, नवी माती दाबा आणि मग सारवा. खरवडलेली चिमूटभर माती परसातल्या कोपऱ्यात नेऊन टाका. त्या वासाने पिल्लाला जागा कळते. फरशी असेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू द्या. फिनेलवर भिस्त ठेवू नका. पिल्लू जमीन चाटते, आणि ते त्याला बाधते.

कोपऱ्यातली विष्ठा रोज फावड्याने उचला आणि दीड हात खोल खड्ड्यात टाकून वर माती लोटा. ती उकिरड्यावर टाकू नका. तेच खत उद्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते. जोडीला जंताचे औषध हवेच. ते दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्या. तिथेच पार्व्होची लस सहा-आठ आठवड्यांपासून आणि पिसाळ रोगाची तीन महिन्यांची झाल्यावर टोचून घ्या. शिकलेले पिल्लू एकाएकी घरात घाण करू लागले, तर ते हट्टाने करते असे समजू नका. आजाराची शंका घ्या. उलट्या आणि रक्ताचे जुलाब असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, यातले एक काम तुमच्या शाळेत होण्याजोगे आहे. ज्या मुलांच्या घरी पिल्लू आहे, त्यांना आठ दिवसांची वही ठेवायला सांगा: खाल्ले केव्हा, उठले केव्हा, बसले केव्हा, आणि कुठे. आठव्या दिवशी वर्गात ती वाचा. खाणे आणि बसणे यांतले अंतर मुलांना आपोआप दिसेल, आणि निरीक्षण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. पिल्लाला हात लावल्यावर आणि मातीत खेळल्यावर साबणाने हात धुणे, नखे कापणे, परसात पायात चप्पल घालणे, हेही त्याच तासात सांगता येईल.

बहुतेक पिल्ले पहिल्या तीन-चार आठवड्यांत जागा ओळखू लागतात. पुरता ताबा यायला पाच-सहा महिन्यांचे वय होऊ द्यावे लागते. मधे एखाद्या दिवशी ओटी ओली होईलच. त्या दिवशी पिल्लाकडे न पाहता आपल्या वहीकडे पाहा. पहाटेची फेरी चुकली होती, की जेवणानंतर नेणे राहिले होते, ते तिथे सापडेल. दुसऱ्या दिवशी ती फेरी वेळेवर करा. घरात रांगणारे मूल असेल, तर ही फेरी जितकी पिल्लासाठी आहे, तितकीच त्या मुलासाठीही आहे.