रिपोर्ट नॉर्मल, आग तशीच

डोकं दुखलं तर बाई चारचौघांत कपाळाला बाम चोळते. पण स्कूटरवर बसवत नाही, मांडी घातली की सुया टोचल्यासारखं होतं, नवरा जवळ आला की अंग आक्रसतं, हे ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. दुखणं अंगावर काढते. डॉक्टरकडे गेलीच, तर बुरशीचं मलम मिळतं. दुसरा डॉक्टर, पुन्हा तेच मलम. शेवटी सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि निदान होतं : मनाचे खेळ!

मनाचे खेळ नव्हेत हे. योनिमुखाभोवतीची वेदना तीन महिने टिकली आणि तपासूनही कारण सापडलं नाही, तर तिला ‘व्हल्वोडायनिया’ म्हणतात. दुखणं जुनंच, अमेरिकन डॉक्टर गेलार्ड थॉमस यांनी १८८० मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. बोस्टन परिसरातल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी अशी दीर्घ वेदना भोगल्याचं सांगितलं. त्यातल्या जवळजवळ ४० टक्के डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. म्हणजे संकोच काही आपल्याकडचाच नाही!

निदानाला महागडं यंत्र लागत नाही. बुरशी, नागीण, त्वचारोग, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, हे आधी तपासून वगळायचं. मग कापूस लावलेली काडी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे योनिमुखावर एकेका जागी हलकेच टेकवायची आणि कुठे किती दुखतं ते विचारायचं. विचारायचं, हे महत्त्वाचं.

उपचारांची सुरुवात घरातच होते. सुगंधी साबण आणि जंतुनाशक घातलेलं पाणी बंद. लावायला बधिरतेचं लिडोकेन मलम, अर्थात डॉक्टरी सल्ल्यानंच. कधी अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देतात. ही तर नैराश्याची गोळी, म्हणून घरात भुवया उंचावतात. पण इथे ती चेतातंतूंची वेदना शमवण्यासाठी असते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेदनेच्या धास्तीनं आवळून बसतात, ते सैल करायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. बाळंतपणानंतर आवळण्याचे व्यायाम सांगतात ना, त्याच्या नेमकं उलट. वेदना योनिद्वारापुरतीच असेल आणि बाकी सारं करून झालं असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार.

गुण यायला महिने लागतात. त्या काळात दुखेल असा शरीरसंबंध नको, हे नवऱ्यानं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. तेव्हा त्यालाही सोबत न्यावं. आणि तपासणीच्या खोलीत जीभ अडखळणार असेल, तर कागदावर लिहून न्यावं : कधीपासून दुखतं, कशानं वाढतं, आजवर कोणकोणती मलमं झाली.