लाल बटण, चावी आणि घाटाचा उतार

पार्किंगमधून गाडी काढायला गेलेला माणूस किक मारून मारून घामाघूम होतो. टाकीत पेट्रोल आहे, चावी लावलेली आहे, तरी इंजिन धरत नाही. शेवटी शेजारून जाणारा कुणी उजव्या मुठीजवळचं लाल बटण वर करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी सुरू होते. येता-जाता कुणी तरी ते खाली केलेलं असतं. आपल्याकडे अनेकांची किल स्विचशी पहिली ओळख अशी होते, आणि मग ‘त्याला हात लावू नये, त्यानं इंजिन खराब होतं’ हा समज पक्का बसतो.

तो चुकीचा आहे. कार्बोरेटरच्या गाडीत चावी फिरवली काय आणि किल स्विच दाबला काय, दोन्हींनी प्लगची ठिणगीच थांबते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. तिथं ठिणगीबरोबर पेट्रोलही थांबतं. आपण गाडी कशानं बंद केली, याचा इंजिनावर काहीच परिणाम होत नाही. अमेरिकेतल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या वर्गात तर नवशिक्याला रोजच आधी किल स्विच आणि मग चावी, असं शिकवतात. कारण साधं आहे. ॲक्सिलरेटर अडकला किंवा गाडी आडवी झाली, तर मुठीवरचा हात न सोडता अंगठ्यानं इंजिन बंद करता आलं पाहिजे, आणि अंगठ्याला ती सवय रोजच्या वापरानंच लागते. वर्षानुवर्षं न हलवलेल्या स्विचमध्ये धूळ-पाणी जाऊन त्याचे पॉइंट खराब होतात, ते वेगळंच.

किल स्विचचा खरा तोटा एकच. गाडी बंद होते, पण चावी चालू राहते. मग मीटरचे दिवे, टेललाइट, काही गाड्यांत हेडलाइटसुद्धा बॅटरी खात राहतात आणि सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. साइड स्टँड टाकून इंजिन बंद करणाऱ्यांचंही तेच. त्यानं इंजिनाला इजा नाही, पण चावी फिरवायची राहून जाते.

बंद करण्याआधी एकदा जोरात रेस करण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी. त्यानं प्लग साफ होत नाही. उलट इंजिन थांबता थांबता न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. ‘लांबून आलोय, दोन मिनिटं चालू राहू दे’ हा सल्ला टर्बो लावलेल्या मोटारींचा. हवेवर थंड होणारं आपल्या बाइकचं इंजिन उभ्या जागी चालू ठेवलं तर वारा न मिळाल्यानं तापतच राहतं. पेट्रोल कॉक रात्री बंद करण्याची सवय मात्र कार्बोरेटरच्या गाडीला आजही योग्य आहे.

सिग्नलला गाडी बंद केली तर पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल जातं, असंही म्हणतात. मोटारींवर अमेरिकेच्या अर्गॉन प्रयोगशाळेनं काढलेला हिशेब दहा सेकंदांचा आहे: त्याहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच स्वस्त. हीरोनं २०१४ च्या स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये न्यूट्रलला पाच सेकंदांत इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा दिली होती. बॅटरी धड असेल तर लांब सिग्नलला बेलाशक बंद करा.

चालत्या गाडीत किल स्विच खाली-वर करून सायलेन्सरमधून फटाके काढणं मात्र खरंच घातक. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं आणि आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडकी भरते ती निराळी.

हे सगळं झालं उभ्या गाडीचं किंवा खिशाला चाट लावणारं. ज्या सवयीची मला खरी काळजी वाटते ती घाटातली आहे. कुंभार्ली असो की आंबेनळी, माथ्यावर पोचलं की कितीतरी जण न्यूट्रल करून चावी बंद करतात आणि गाडी उतारावर सोडतात. पेट्रोल वाचतं, म्हणतात.

या सवयीचं मूळ अगदीच खोटं नाही. चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून लांब उतार उतरलं की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडायचं आणि पिस्टन जाम व्हायचा. म्हणून जुने लोक उतारावर क्लच दाबा, न्यूट्रल करा, असं सांगत, आणि त्या गाड्यांपुरतं ते बरोबर होतं. १९८५ साली सीडी १०० आली, फोर-स्ट्रोकचं राज्य सुरू झालं, ऑइल इंजिनाच्या तळात गेलं आणि ते फिरवणारा पंप चाकांनी फिरवलेल्या इंजिनावरही चालू लागला. कारण संपलं, सवय उरली.

आता वाचतं किती ते पाहू. १०० सीसीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण शे-दोनशे मिलिलिटर पेट्रोल जातं. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या तर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोल जवळजवळ तोडूनच टाकतात. म्हणजे न्यूट्रलला चालू ठेवण्यापेक्षा गिअरमध्ये उतरणंच स्वस्त.

आणि मोल काय देतो? आंबेनळीच घ्या: वर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच, खाली पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. दोन माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन पावणेतीनशे किलो मानलं तर या उतारात सुटणारी ऊर्जा दहा-बारा लिटर पाणी उकळायला पुरेल. थोडी वारा आणि टायर घेतात. इंजिन गिअरमध्ये असतं तर तेही मोठा वाटा घेतं. न्यूट्रल केलं की उरलेली सगळी उष्णता छोट्याशा ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जाते. लायनर तापले की ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही, आणि हे कळतं ते नेमकं वळणावर. शिवाय अनेक छोट्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेल तरच लागतो. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलेलं असताना बिनदिव्याची, बिनआवाजाची गाडी समोरच्या ट्रकवाल्याला दिसणार कशी? बाजूला निसटायला पिकअप लागला तर तोही नाही. वर चावी चाचपडताना ती लॉककडे गेली तर हँडलच अडकण्याचा धोका.

माथ्यावर पोचल्यावर चावीकडे हात नेऊ नका. जो गिअर तो घाट चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक मधून मधून मारा, आणि गाडी बंद करायची ती खाली पोचून, रस्त्याच्या कडेला उभी केल्यावर.