अंधशाळेचा पट आणि निकाल

कोणत्याही शाळेची योग्यता अजमावण्याकरितां लोक दोन आंकडे विचारतात. पटावर मुलें किती, आणि शेवटच्या परीक्षेचा निकाल शेंकडा किती? डोळस मुलांच्या शाळेस हे दोन आंकडे बहुधा पुरेसे होतात. अंध मुलांच्या शाळेच्या बाबतींत मात्र त्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. तो नीट न लावल्यामुळें एखाद्या मुलाचें उभें आयुष्य घरच्या ओटीवर निघून जातें.

भारतांतील पहिली अंधशाळा मिस ॲनी शार्प यांनीं इ. स. १८८७ मध्यें अमृतसर येथें काढली. मुंबईस १९०० मध्यें, मोठ्या दुष्काळाच्या सुमारास, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं अंध मुलांची शाळा सुरू केली. दादर येथील मुलींची कमला मेहता अंधशाळा ती हीच. १९०२ मध्यें मुंबईंतच व्हिक्टोरिया मेमोरिअल अंधशाळा निघाली आणि १९३४ मध्यें डॉ. शंकरराव माचवे यांनीं पुण्याच्या अंधशाळेचा पाया घातला. पुण्याच्या या संस्थेची मुलांची शाळा कोरेगांव पार्कांत व मुलींची कोथरुडांत आहे. या सर्व शाळा शहरांत निघाल्या, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां जुन्नर तालुक्यांतील पिंपळवंडीसारखें गांव घ्यावें. पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांव येथून जवळच आहे आणि तेथें डॉ. मनोहर डोळे यांनीं उभारलेलें मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. मोतीबिंदूनें अंधुक झालेली आजोबांची दृष्टि शस्त्रक्रियेनें परत येऊं शकते. परंतु ज्या नातवाचें दृष्टिपटल जन्मतःच निकामी आहे, त्याचें काम रुग्णालयांत भागत नाहीं. त्याला शाळा हवी, आणि अंधशाळा तर सुमारें ८० किलोमीटरांवर पुण्यास. सहा वर्षांच्या पोरास इतक्या दूर वसतिगृहांत धाडण्यास आईचें मन धजत नाहीं. “पुढच्या वर्षीं पाहूं” असें म्हणतां म्हणतां मूल दहा-बारा वर्षांचें होतें, आणि बोटांना लिपीची संवय लागण्याचा उत्तम काळ हातचा निसटतो.

२०११ च्या जनगणनेंत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या भारतांत सुमारें ५० लाख व महाराष्ट्रांत सुमारें पावणेसहा लाख नोंदली गेली. यांत सर्व वयांचीं माणसें आणि अंशतः दिसणारेही आले, म्हणून हा आंकडा शाळेंत जाण्याजोग्या मुलांचा नव्हे. तथापि, प्रश्न किती घरांचा आहे, याची कल्पना त्यावरून येते.

अंधशाळेचा पट घटला, तर त्याचीं कारणें तीन असूं शकतात. पहिलें, रोगांस बसलेला आळा. पूर्वीं देवीच्या रोगानें कित्येक मुलांचे डोळे जात. १९७७ मध्यें भारत देवीमुक्त जाहीर झाला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीं बुबुळ खराब होई. त्याचे डोस मुलांना देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालूं झाला. दुसरें कारण, मूल गांवच्याच शाळेंत डोळस मुलांबरोबर शिकूं लागणें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें, शेंकडा ४० वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळची शाळा अथवा आपल्या पसंतीची विशेष शाळा यांपैकीं कोठेंही विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क दिला आहे. तिसरें कारण, मूल कोणत्याच शाळेंत न जाणें. पहिलीं दोन कारणें समाधानाचीं, तिसरें मात्र लज्जास्पद. आणि पटाचा नुसता आंकडा पाहून यांतील कोणतें खरें, हें कळत नाहीं. त्याकरितां गांवोगांवच्या शिक्षकांनीं व अंगणवाडीच्या सेविकांनीं घरटी चौकशी करावयास हवी.

निकालाची गोष्टही अशीच आहे. फ्रान्सच्या लुई ब्रेलनें सिद्ध केलेली लिपी सहा उठावदार ठिपक्यांची आहे. डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन, अशा या सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हें होतात. भारतीय भाषांसाठीं १९५१ मध्यें एक समान ब्रेल लिपी ठरली. तींत ‘क’ म्हणजे पहिला व तिसरा ठिपका. ‘कि’ लिहितांना ‘क’ नंतर ‘इ’ चें चिन्ह येतें. वेलांटी आधीं काढण्याचा प्रकार नाहीं. पाटींत कागद बसवून टोंचणीनें ठिपके उजवीकडून डावीकडे टोंचावयाचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. डोळा एका दृष्टिक्षेपांत अनेक अक्षरें टिपतो. बोटाला एकामागून एक अक्षर चाचपावें लागतें. डोळसांचें एक क्रमिक पुस्तक ब्रेलमध्यें कित्येक जाड खंडांचें होतें, आणि तें वेळेवर हातीं पडलें नाहीं तर वर्ष वायां जातें. नकाशा, भूमितीची आकृति, प्रयोगशाळेंतील रंगबदल हें सर्व स्पर्शानें वा शब्दानें समजावून द्यावें लागतें.

परीक्षेंत लेखनिक मिळतो, आणि केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणें दर तासास किमान २० मिनिटें अधिक मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरास चार तास. हा उपकार नव्हे; संथ साधनाची ती भरपाई आहे. लेखनिक शुद्धलेखनांत कच्चा असला, तर गुण मात्र परीक्षार्थ्याचे जातात. गणिताऐवजीं सोपा विषय घेण्याची सवलत कित्येक ठिकाणीं असते. तिनें उत्तीर्णांचा आंकडा वाढतो खरा, परंतु पुढें विज्ञान, वाणिज्य व कित्येक नोकऱ्या यांचीं दारें आपोआप बंद होतात. म्हणून शेंकडा शंभर निकाल लागला, तरी मुलें कोणत्या विषयांत उत्तीर्ण झालीं, हें विचारल्याशिवाय शाळेची पारख पुरी होत नाहीं.

योग्य वेळीं योग्य साधनें मिळालीं तर काय घडतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टि बालपणींच गेली. त्यांचें शिक्षण दादरच्या कमला मेहता अंधशाळेंत झालें. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत त्यांना प्रथम ७७३ वा आणि २०१७ मध्यें लागलेल्या निकालांत १२४ वा क्रमांक मिळाला. २०१९ मध्यें त्या तिरुवनंतपुरम येथें उपजिल्हाधिकारी झाल्या. पाठ्यपुस्तक वाचून दाखविणारा संगणक हें त्यांचें एक साधन होतें. अर्थात् असें यंत्र ब्रेलची जागा घेऊं शकत नाहीं. केवळ ऐकून शिकणाऱ्यास ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद लेखणीनें दाखवितां येत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलीनें परीक्षेच्या दिवसांत लेखनिक व्हावें. ज्यांचें वाचन स्पष्ट आहे, त्यांनीं क्रमिक पुस्तकें ध्वनिमुद्रित करून द्यावीं. आणि गांवाकडील नात्यागोत्यांत एखादें न दिसणारें मूल असेल, तर सहानुभूतीचे चार शब्द बोलून न थांबतां, त्याचें नांव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, एवढें अवश्य विचारावें. उत्तर “कोठेंच नाहीं” असें आलें, तर पुढच्या जून महिन्याची वाट न पाहतां कामास लागावें.