शब्द बरोबर, तरी दार बंद

पुण्यातील एका महाविद्यालयात २०१२ साली 'मूडल' या शिक्षणविषयक आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवली गेली. दुसऱ्या दिवशी स्वाध्याय जमा करायचे होते. पण एकाही विद्यार्थ्याला प्रवेश मिळेना. परवलीचे शब्द तर बरोबर होते. मग चुकले कुठे? आम्ही शोध घेतला.

अशी आज्ञावली आपला परवलीचा शब्द साठवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून ती एक ठसा काढते (एमडी५ पद्धतीत तो ३२ अक्षर-अंकांचा असतो) आणि तोच जपते. आपण शब्द टंकला की नवा ठसा जुन्याशी ताडला जातो. मात्र सोप्या शब्दांचे ठसे आधीच काढून ठेवून चोर ते जुळवू शकतो. म्हणून मूळ शब्दात आणखी काही अक्षरे मिसळतात. त्यांना 'मीठ' म्हणतात. एक अक्षर बदलले तरी सारा ठसा बदलतो.

तेव्हाच्या मूडलमध्ये सर्वांसाठी एकच मीठ असे आणि ते माहितीसाठ्यात नव्हे, तर मांडणीच्या वेगळ्या फाइलीत असे. येथे माहितीसाठा जपला गेला, पण ती फाइल नव्याने लिहिली गेली. मीठ हरवले, ठसे जुळेनात! जुन्या फाइलीतील ती एक ओळ परत घालताच दार उघडले.

मे २०१३ मधील २.५ या आवृत्तीपासून प्रत्येकाचे मीठ वेगळे झाले व ठशासोबतच राहू लागले. तरीही जुने ठसे बदलेपर्यंत जुने मीठ लागेच. तेव्हा आवृत्ती बदलण्यापूर्वी माहितीसाठ्याबरोबर मांडणीच्या फाइलीचीही प्रत ठेवावी. नाहीतर आपल्या विसरण्याचा दोष मुलांच्या माथी येतो.