गच्चीवरची छत्री आणि वायफायच्या वावड्या

डीटीएचचं रिचार्ज बंद केलं तरी छत्री गच्चीवर गंजत राहते. ती राउटरला जोडली की घरभर नेट धावेल, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. तसं होत नाही. डिश शक्ती निर्माण करत नाही, आहे ती एका दिशेला एकवटते. 60 सेंटिमीटरच्या डिशचा 2.4 गिगाहर्ट्झवरचा झोत जेमतेम 14 अंशांचा. शेजारच्या खोलीतल्या मोबाइलला त्याचा उपयोग नाही. समोर दिसणाऱ्या शेतघरापर्यंत नेट न्यायचं असेल, तर मात्र हीच छत्री कामाची. 2007 मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी मोठ्या डिश वापरून दोन डोंगरांदरम्यान 382 किलोमीटरवर वायफाय जोडून दाखवलं.

डिशवरचा एलएनबी (समोरच्या दांडीवरची डबी) तसाच ठेवून चालेल, ही दुसरी वावडी. एलएनबी फक्त ऐकतो, बोलत नाही. आणि ऐकतो तेही 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपासचं. त्याच्या जागी बायक्वाड अँटेना बसवतात: तांब्याच्या तारेचे कोपऱ्याशी जुळलेले दोन चौकोन, प्रत्येक बाजू सुमारे 31 मिलिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा, आणि पाठीमागे पत्रा. हा बायक्वाड केंद्रबिंदूवर, डिशकडे तोंड करून.

मग केबलवरून वाद. टीव्हीची 75 ओहमची केबल 50 ओहमच्या राउटरला चालत नाही म्हणतात. त्या फरकाने होणारं नुकसान 0.2 डेसिबलही नाही. मारते ती लांबी: अशा केबलच्या दहा मीटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती जिरते. म्हणून राउटर डिशपाशीच, पेटीत बंद करून ठेवावा आणि खाली इथरनेटची वायर सोडावी.

नेम धरतानाही फसगत होते. आपल्याकडच्या बहुतेक छत्र्या ऑफसेट असतात. उभ्या ठेवल्या तरी त्यांची नजर वीसेक अंश वर असते. समोरचं घर गाठायला तोंड चक्क जमिनीकडे झुकवावं लागतं.

परवाना लागत नाही, म्हणजे मर्यादाही नाही? भारतात 2005 च्या नियमाने 2.4 गिगाहर्ट्झला परिणामी, म्हणजे डिशने एकवटल्यानंतरच्या, शक्तीची मर्यादा 4 वॉट आहे. 100 मिलिवॉटचा राउटर या डिशला जोडला की हिशेब 12 वॉटच्या वर जातो. राउटरची शक्ती 30 मिलिवॉटवर आणावी.

पावसात टीव्ही जातो तसं हे नेटही जाईल, ही भीती मात्र फोल. 2.4 गिगाहर्ट्झला पावसाचे थेंब जवळपास जाणवतच नाहीत. जाणवतात ती भिजलेली पानं. मध्ये आमराई असेल, तर डिश बदलण्याऐवजी खांब उंच करावा.