विंचू कोण उतरवतो?

खारपाड्याचा पूल ओलांडून पेणकडे निघाले की महामार्गालगत जिते लागते. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपट्यानंतरचे हे स्थानक. एका अंगाला खाडीकडची खारी जमीन आणि भातखाचरे, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि त्यातल्या आदिवासी वाड्या. पावसाळ्याआधी या पट्ट्यात कामांची घाई असते. राब भाजायचा, घर शाकारायचे, सरपण कोरड्यात रचायचे, ढासळलेला गडगा लावून घ्यायचा. कौलाखाली, सरपणात, दगडांच्या फटीत हात जातो आणि विंचू नांगी मारतो.

मग उपायांची सरबत्ती सुरू होते. कोणी म्हणते चुना लावा, कोणी कांदा चोळा म्हणते, कोणी आघाड्याची मुळी शोधायला धावते, कोणी उतरवणाऱ्याकडे चला म्हणते. उपाय कोणताही केला तरी बहुतेक वेळा रुग्ण सकाळपर्यंत बरा होतो. म्हणूनच हे सगळे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकले. ते करणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांनी रुग्ण बरा झालेला खरोखर पाहिलेला असतो. प्रश्न इतकाच, की त्याला बरे कोणी केले?

श्रेयाचा हिशेब

कोकणात आढळणाऱ्या मोठ्या काळ्या विंचवाचा दंश सणसणून दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. लहानशा लाल विंचवाचे विष खरे घातक. पण त्याच्याही प्रत्येक दंशात पुरेसे विष शरीरात जातेच असे नाही, आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला धोका जास्त. त्यामुळे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत वेदना आपोआप चढते आणि काही तासांनी, फार तर दिवसभरात, आपोआप उतरते.

समजा, दहा जणांना विंचू चावला आणि त्यांतले आठ काहीही न करता बरे होणारे होते. मग ज्याच्याकडे ते दहा जण जातील, त्याच्या नावावर आठ यश जमा होणारच. उरलेल्या दोघांबद्दल ‘उशीर झाला’, ‘वेळच आली होती’ असे म्हटले जाते. उपायाची परीक्षा त्या आठांवर होत नाही, ती या दोघांवर होते. आपल्या आपण बरे न होणाऱ्या रुग्णाचे काय झाले, हे विचारल्याशिवाय कुठल्याही औषधाला गुण देता येत नाहीत.

हा प्रश्न रायगडातच एका डॉक्टरने चिकाटीने विचारला. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचूदंशाचे रुग्ण येत आणि त्यातले काही डोळ्यांदेखत दगावत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपत राहिले. घातक दंशाचा क्रम त्यांना दिसू लागला. आधी उलट्या, तोंडातून लाळ, अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम. हातपाय गार पडतात, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंग ताठरते. काही तासांत दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो, म्हणजे फुफ्फुसात पाणी भरू लागलेले असते. हृदयावरच्या संकटाची चाहूल देणाऱ्या या लक्षणांची नोंद 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली.

जुनी गोळी, नवे काम

विंचवाचे विष मज्जातंतूंवर चाल करते. त्यांच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. ती निमिषभर उघडतात आणि मिटतात. विष ती नीट मिटू देत नाही. मज्जातंतू पेटल्यासारखे संदेश पाठवत राहतात आणि रक्तात अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा ताण वाढत जातो आणि शेवटी ते थकते.

प्राझोसिन ही मूळची रक्तदाबावरची गोळी. नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर ज्या जागी बसून त्या आवळते, ती ‘अल्फा’ नावाची जागाच ही गोळी अडवते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार हलका होतो. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी विंचूदंशावर ती वापरली आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मधून अनुभव मांडला. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले. या कामाबद्दल 2022 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीत दवाखान्यालाही झुकते माप मिळत नाही. प्राझोसिनच्या आधी डॉक्टर विंचूदंशावर स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीवरची औषधे, अ‍ॅट्रोपिन असे बरेच काही देत. सौम्य रुग्ण त्यानेही ‘बरे’ होत. गंभीर रुग्णांना मात्र त्यांचा उपयोग नव्हता, उलट अ‍ॅट्रोपिनसारख्या औषधाने अपायच होई. आघाड्याच्या मुळीला लावलेली कसोटी इंजेक्शनलाही लावावीच लागते. बावस्करांनी ती प्राझोसिनलाही पुन्हा लावली. महाडला 70 गंभीर रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. 35 जणांना नुसते प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिन आणि विंचूविषाची प्रतिलस. दहा तासांनी पहिल्या गटातले 8 आणि दुसऱ्या गटातले 32 जण पूर्ण लक्षणमुक्त झाले होते. 2011 मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. शेजारी तुलनेचा गट नसता तर पहिल्या गटातल्या रुग्णांच्या सुधारणेवरच समाधान मानले गेले असते.

सापाच्या बाबतीत

सर्पदंशातही हाच हिशेब फसवतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. मात्र नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अंगात भिनले तर मंत्राने उतरत नाही. त्यातही मण्यार फार दगा देते. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश जवळपास दुखत नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. ‘काही चावलेच नाही’ म्हणत घरात घालवलेले तास इथे महागात पडतात.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी वीस मिनिटे अजिबात हलवायची नाही आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त गोठून नळीला धरून राहिले तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू करायचे. पहिली चाचणी ठीक आली तरी ती थोड्या थोड्या वेळाने पुन्हा करतात, कारण विषाचा परिणाम उशिराही दिसतो. भारतात मिळणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते आणि या चारही सापांवर चालते. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सरासरी वर्षाला 58 हजार माणसे गेल्याचा अंदाज आहे. त्यातले पुष्कळ मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले.

म्हणून घरगुती उपाय सगळेच टाकाऊ ठरत नाहीत. कसोटी लावली की काही नापास होतात, काही उत्तीर्ण होतात. जुलाबांवर मीठ-साखरेचे पाणी हा उपाय 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी उत्तीर्ण झाला. बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनचा साठा संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आला. आतड्यात साखर सोबत असली की मीठ आणि पाणी जास्त शोषले जाते, हे त्यामागचे कारण. आजारपणात आजी भाताच्या पेजेत मीठ घालून देते, त्यामागेही हेच तत्त्व आहे, कारण पिष्टापासून पोटात साखरच तयार होते.

तेव्हा विंचू चावला तर रुग्णाला शांत ठेवावे, दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी आणि घाम, लाळ, उलट्या, गार हातपाय यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. यातले काही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा. प्राझोसिन मनाने घ्यायचे नाही, त्याने रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. साप चावला असेल, किंवा चावल्याचा नुसता संशय असेल, तर लक्षणांची वाट पाहू नये. चावा कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय हलू नये म्हणून फळीचा आधार द्यावा, रुग्णाला चालवू नये, 108 ला फोन करावा. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

विष उतरवणाऱ्या भगताला बोलावू नका, असे सांगून कोणी ऐकत नाही. तो गावाचा, विश्वासाचा माणूस असतो. त्याच विश्वासाच्या जोरावर ‘आधी दवाखाना’ हे वाक्य डॉक्टरपेक्षा तोच जास्त घरांपर्यंत पोहोचवू शकतो. मंत्र म्हणायचाच असेल तर त्याने तो खुशाल म्हणावा, फक्त पेणच्या रस्त्याला लागलेल्या गाडीत बसून.